करंगळीच्या बाजूने

सेगेदमध्ये नोव्हेंबर. तिसा नदीवर धुकं इतकं
की पूल अर्ध्यावरच संपल्यासारखा वाटतो.
लायोश सायकलवरून साठ अंडी आणतो
आणि दर वेळी विचारतो,
"यातलं एखादं तरी खाता की नाही?"

मी अंड्याला खिडकी पाडते, नखाएवढी.
आत साडेतीन दिवसांचं कुणीतरी,
काळीज आधीच कामाला लागलेलं
आणि कुशीला एक फुगवटा,
ज्याला अजून ठाऊक नाही आपण पंख आहोत.

टोकाची किनार सांगत राहते: वाढ. अजून वाढ.
ती खरवडली तर पंख मध्येच थांबतो,
बोलणारा वाक्य टाकून उठून गेल्यासारखा.
आणि करंगळीच्या बाजूला बसलेल्या मोजक्या पेशी
एकच निरोप सोडतात,
अत्तराच्या फायासारखा.
ज्यांना सगळ्यात दाट दरवळ, त्यांची करंगळी.
ज्यांना जेमतेम वास, त्यांचं अलीकडचं बोट.
नाव घेऊन कुणी कुणाला हाक मारत नाही.
आपण किती दूर, एवढ्यावरून ज्यानं त्यानं ओळखायचं
आपण कोण.

त्याच पेशी मी दुसऱ्या अंड्यातून उचलते,
समोरच्या काठाखाली खोचते. चिकटपट्टी. अडतीस अंश.
आठवड्याने पाहावं तर
तीन बोटं, आणि त्यांच्याकडे बघणारी तीन.
मध्ये आरसा नाही.

माझ्या डाव्या अंगठ्यापाशी एक पांढरा व्रण आहे.
जन्मले तेव्हा तिथे दुसरा अंगठा होता, नखासकट.
माकोची सुईण आईला म्हणाली, सहा बोटांचं मूल,
हे ताल्तोश होणार,
ढगांत जाऊन वादळाशी झुंजणार.
वडील रेल्वेत कारकून. त्यांनी सर्जन गाठला.

आता वाटतं, जनुकापासून दहा लाख अक्षरं दूर
एखाद्या खटक्यात एक अक्षर बदललं असणार,
आणि नको त्या काठावरही कुणी
तोच निरोप कुजबुजलं असणार.
तेवढंच. वादळ वगैरे नाही.

(बोटं सुटी व्हावीत म्हणून
मधल्या पेशी मरून जातात. बदकात बहुतेक तगतात.
त्यांच्याबद्दल सुईण काही बोलली नव्हती.)

घरी जाताना पुलाच्या मध्यावर
कुणी नाही असं बघून
मी डावा हातमोजा काढते
आणि धुक्याला म्हणते, हट.

हटत नाही, अर्थात.
आत कुठेतरी लायोशच्या सायकलची घंटी,
रिकामे ट्रे खडखडतात.