दहा नंबरचा पाना

चौदा तास झाले. कराडच्या धावपट्टीकडेला
कुसळं वाऱ्यानं आडवी.
शेवटच्या बोल्टला तार पिळली का?
हात म्हणतात पिळली,
डोकं म्हणतं, ती कालची.
सही मात्र माझीच, जरा वाकडी.

घरी कुंदा खुशीत.
कालच्या पँटीत सापडलेल्या पान्यानं
तिनं मोरीतला नळ आवळलाय,
महिनाभर गळणारा.

दहाचा पाना.
हँगरातल्या फळीवर त्याची जागा रिकामी,
आणि मोजणीच्या वहीत मी लिहिलंय: पूर्ण.

जेवण तसंच ठेवून बूट घातले.
फाटकावर शिंदकर म्हणाला, "परत?"

तार होती. नीट पिळलेली.
तरी चाकापाशी बसून राहिलो.
सहाला उडणारं पोरगं एकोणीस वर्षांचं.
त्याला सांगावं वाटलं,
बाबा, मी झोपलेलो नाही.