ओहम

जबरियाच्या प्रयोगशाळेत रात्री अडीचला
एसीखेरीज कोणी बोलत नाही.
मी गुलाबी पाण्यातली थाळी उचलते,
आतड्याच्या पेशींच्या पडद्याला
अलीकडे एक तार, पलीकडे एक.
चारशे बारा ओहम.
म्हणजे दारं लागलेली आहेत.

शेजारची थाळी सहा तास बेचाळीस अंशांवर होती.
एकशे नव्वद.

पेशी मेलेल्या नाहीत, मोजल्यात मी.
जराशा सरकल्यात फक्त एकमेकींपासून.
आत एक कायनेज जागं झालंय
आणि दिसेल त्याला फॉस्फेटचं बोट लावत सुटलंय,
दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू लावावं तसं.
ज्याला बोट लागलं तो कामाला लागला.
पेशीच्या कमरेची नाडी
खेचली गेली, आणखी खेचली गेली,
चुण्या पडल्या,
चुण्यांत फट.

एवढ्याशा फटीतून
पुंडलिक खवणेकर आयसीयूत गेला.

फहाहीलला आमच्याच मजल्यावर राहतो,
मीना अब्दुल्लाच्या यार्डात पराती बांधतो.
अकरा ते चार काम बंद, तसा कायदाच आहे.
तो कोसळला साडेदहाला.
डॉक्टर म्हणाले, ऊन.
आमचे हे म्हणाले, कंत्राटदार.
आतड्यातलं विष रक्तात उतरलेलं,
तिसऱ्या दिवशी शुद्ध आली तर मला विचारतो,
"वैनी, पोटातली कडी कोणी काढल्यान?"

नाव मला ठाऊक होतं.
सांगितलं नाही.

कारण गेल्याच आठवड्यात
आम्ही त्याच कायनेजला औषध घालून निजवलं होतं.
उष्णता दिली, ओहम उतरले नाहीत.
डॉक्टर बुथैनांनी टेबलावर बोटांनी ताल धरला.
मग मी पिपेटच्या टोकानं
पेशींमधून एक सरळ ओरखडा काढला.
एरवी अठरा तासांत दोन्ही काठ
सरकत सरकत एकमेकांना भेटतात.
या खेपेला
काठ होते तिथेच.
चालायलाही तेच बोट लागतं म्हणे.
निजलेल्यानं भिंत पाडली नाही
आणि बांधलीही नाही.

ताल थांबला.
आरोपीच्या रकान्यात मी जे लिहिलं होतं
ते खोडलं, आणि गवंड्याच्या रकान्यात लिहायला गेले
तर तिथेही हात अडखळला.
किती, आणि केव्हा?
वहीला एवढी बारीक रेघ नसते.

काल त्यानं दोन वाट्या पेज घेतली, मीठ मागून.
म्हणाला, आतून कोणतरी सारवता हा.
मी म्हटलं, सारवू दे, ओल्यावर पाय नको देऊस.
तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन :
रविवारी येतोस ना?
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी वाटी विसळायला घेतली.

आता पहाटेचे सव्वाचार.
बाहेर काचेला हात लावला तर अजून गरम.
थाळी पुन्हा उचलते.
दोनशे सदतीस.
थांबते. परत मोजते.
दोनशे एकेचाळीस.