वरताळा

आयाविरीत मी उतरले ते गुडघ्यामुळे.
तिकीट कुस्कोपर्यंतचं होतं,
पण आरेकिपाहून सात तासांनी पाय म्हणाला, पुरे.
स्टँडमागच्या खोलीचं भाडं रात्रीला पंधरा सोल,
महिन्याचं एकदम दिलं तर अडीचशे.
मालक सेनोबियो. त्यांनी तीन ब्लँकेटं दिली
आणि म्हणाले, चौथं हवं असेल तर कुत्रा आहे.
ते विनोद करत नव्हते.

पास्तोपासून इथवर आठ महिने.
विमानात बसले असते तर एक झोप.
मी एका गावात दात काढला,
लोहात चपलांना दोनदा तळवे लावले,
आणि कुठल्याशा घाटात दरड हटेपर्यंत
एका लग्नाच्या वऱ्हाडात दीड दिवस जेवले.

बाजारात पहिल्या बुधवारी
बासिलियानं मला बटाटे लावले परक्या भावानं.
मी गप्प दिले पैसे. चार हजार मीटरवर
घासाघीस करायलाही फुप्फुस लागतं.

दुसऱ्या आठवड्यात भाव उतरला.
तिसऱ्यात नावं कळली, माझं तिला नाही,
मला बटाट्यांची:
हा पिवळा, हा जांभळ्या डोळ्यांचा,
आणि हा गाठीगाठींचा, सुनेला रडवणारा.
नव्या नवरीनं तो धड सोलून दाखवायचा,
मगच ती घरातली.
‘मी निम्मा बटाटा सालाबरोबर काढला,’ बासिलिया म्हणाली,
‘रडली ती सासू.’

चौथ्या बुधवारी तिनं लांबूनच हाक मारली, कासेरा!
म्हणजे नेहमीची.
गिऱ्हाईक विकणारीला कासेरा म्हणतं,
विकणारी गिऱ्हाइकाला,
एकच शब्द दोन्ही पारड्यांत.
मला वाटायचं, असल्या शब्दाला शिक्का लागत असेल पासपोर्टवर.
त्याला लागतात फक्त बुधवार, ओळीनं.

वजन झाल्यावर तिनं मूठभर चुन्यो वर टाकला.
‘यापा.’
मी म्हटलं, आमच्याकडे याला वरताळा म्हणत.
म्हणत. स्पॅनिशमधला भूतकाळ
त्या दिवशी पहिल्यांदा माझा बरोबर आला.

चुन्यो म्हणजे रात्री दहिवरात गोठलेला,
पहाटे अनवाणी तुडवलेला, मग उन्हात टाकलेला बटाटा,
आणि पुन्हा रात्र, पुन्हा पाय, पुन्हा ऊन.
काळा, हलका, खडा वाजावा तसा वाजतो.
बासिलियाच्या घरी दहा वर्षांपूर्वीचा आहे,
तो पिकला त्या साली तिचा भाऊ लिमाला गेला.
रात्री खर्चाची वही उघडली:
बटाटे दोन किलो, चार सोल.
चुन्यो, आणि पुढे काय लिहावं सुचेना.
शून्य लिहिलं. खोडलं.

शिक्क्यावरचे दिवस संपत आले.
शेवटच्या बुधवारी प्रवासापुरते पाव किलो हाबास घेतले,
भाजलेले, आपल्या पावट्यांचे थोराड भाऊ.
काटा थांबला. तिचा हात पोत्यात गेला,
मूठ भरून वर आली,
आणि तशीच परत पोत्यात उघडली.
‘ही राहू दे इथे. येशील तेव्हा.’
मी रागावले जरा.
मूठभर पावट्यांसाठी माणूस रागावतं, खरंच.

बस दहाची.
ड्रायव्हर म्हणाला, आओरिता.
आत्ता नाही, आत्तुली:
लाडानं लहान केलेला आत्ता, म्हणून त्याला वेळ लागतो.
साडेदहा. अकरा.
एक पोरगा टायरवर पाणी ओतत होता,
टपावर कोणीतरी गादी बांधत होतं.
बारा.
बाजार पाच मिनिटांवर.
गुडघाही त्या दिवशी बरा होता.
मी खिडकीशी बसून हाबास मोजले, एकशे सतरा.
सव्वाबाराला सेनोबियोंच्या कुत्र्याला
चाकाखालून उठवलं,
आणि आम्ही निघालो.