रावसाला राग यावा म्हणून

शिमग्याला अजून बारा दिवस,
आणि मिठबावच्या खाडीवर दात वाजतील एवढी थंडी.
बाबांनी मफलर कानांवरून घेतलाय,
तोच, पहाटेच्या गाडीवर ड्यूटी असली की बांधायचे तो.
निवृत्तीला आठ वर्षं झाली,
सुट्ट्या नाण्यांचा वास काही जात नाही त्याचा.

गुडघाभर पाण्यात आम्ही दोघं.
पाणी हवेपेक्षा ऊबदार,
हे मी दरवर्षी विसरते
आणि दरवर्षी पहिलं पाऊल टाकताना अंग चोरते.

चिव्याची काठी, तिला तंगूस,
तंगुसाच्या टोकाला कोळंबी नाही, तारली नाही,
फक्त एक पीस:
आमच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेचं,
आईच्या शिवणपेटीतल्या लाल रेशमाने गरीला गुंडाळलेलं.
कोंबडा देवदिवाळीला गेला.
मान बाबांनी आधीच मागून घेतली होती.

पुंडलिक तारी होडीतून ओरडतो,
"काय मास्तर, कोंबो पोवता काय?"
बाबा त्याच्याकडे बघत नाहीत. मला हळूच सांगतात,
"रावसाची भूक बघूची नाय गो.
तेका राग येवक होयो.
माझ्या वाटेत ह्या कोण लाल लाल, असो."

म्हणून फेकायचं, ओढायचं, थांबायचं.
परत फेकायचं.
पलीकडे कांदळवनात एक बगळा
आमच्यापेक्षा बरा उभा.

मी बॅग घेऊन कायमची घरी आले त्या रात्री
बाबा रागावले नाहीत.
दारात कंदील उंच धरून विचारलं,
"बसाक जागा मिळाली मगे?"
कणकवलीपासून उभी होते. मिळाली, म्हटलं.
त्यानंतर तीन वर्षं
मी काही ना काही त्यांच्यासमोरून ओढत राहिले:
उशिरा उठणं, न जेवणं, आलेल्या पत्राला उत्तर न देणं.
पाणी हललं नाही.

आठाच्या सुमाराला सुकती संपली.
खाडी क्षणभर कुठेच जात नव्हती.
मग पायाच्या घोट्याला कळलं, पाणी वळलं,
आणि त्याच वेळी काठी
माझ्या हातातून कुणीतरी मागितली.

केवढा होता! एकदाच वर आला,
चांदीचा, आडवा, सगळ्या अंगाने चिडलेला.
मी दोन्ही हातांनी ओढलं.

तंगूस हलकं झालं.
पीस गेलं, गरी गेली, लाल रेशीम गेलं.

"सैल सोड म्हटलंय नाय तुका?"
बाबा ओरडले. खरंच ओरडले. बगळा उडाला.
"कोणाचा ऐकशीत तर शपथ!
तेव्हाव सांगलंय, थांब, घाई करू नको,
माणूस बघ आधी..."

पुढचं त्यांनी मफलरमध्ये ठेवलं.
पुंडलिकची होडी आवाज न करता लांब गेली.
मी पाण्यात उभी, कान गरम,
आणि पोटात कुठेतरी
इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी.

बऱ्याच वेळाने म्हणाले,
"पाय गारठले काय?"
नाही, म्हटलं. पाणी ऊबदार आहे.
"हां," म्हणाले. "ता खरा."

घरी आईने रिकामी पिशवी पाहिली,
काही विचारलं नाही, कुळीथ चुलीवर ठेवले.
बाबा पडवीत बसून
नव्या कोंबड्याकडे बघत राहिले,
विशेषतः मानेकडे.
आई उठली
आणि शिवणपेटी वरच्या फळीवर ठेवून आली.