ताण

गळ्याखाली बोरांएवढ्या गाठी आल्या.
"अवधान उठलं," आई म्हणाली, हळद लावली.
शाळेत अवधान म्हणजे लक्ष.
खरंच आहे.
थुंकी गिळायला इतकं लक्ष
मी आजवर कधी दिलं नव्हतं.

फाट्यावरच्या डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या.
तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ.
कुसुममावशी उंबऱ्याबाहेरूनच बोलली,
"गोवर हाये वो, दाराले निंब टांग."
टांगला.

मग चांदूर बाजारला रक्त तपासलं.
मॅडमनं डाव्या बरगडीखाली बोटं रुतवली, दोनदा.
"पानथरी सुजली आहे. धक्का लागला तर फुटेल.
कबड्डी बंद, दोन महिने तरी.
त्या कॅप्सूल आधी थांबव.
पाणी पी, मिठाच्या गुळण्या कर, झोप.
बाकी आजार आपल्या पायानं जाईल."
बाबांना पटेना.
तिकिटाचे साठ रुपये घालून
नुसती झोप लिहून न्यायची?
"निदान एक सुई तं टोचा, मॅडम."

झोपले.
एकदा दुपारी उठून दात घासले, सकाळ समजून.
कण्या आणि ताक, ताक आणि कण्या.
निकिता इंगोले खिडकीशी येऊन
तालुक्याचा निकाल सांगून गेली,
माझ्या जागी रेडला कोण गेलं तेही.
एकाच बाटलीला तोंड लावायचो आम्ही सात जणी.
पडले मी एकटी.

रात्री पांघरुणात हळूच म्हणून पाहिलं,
कबड्डी कबड्डी कबड्डी
चौथ्याला दम तुटला.

बाहेर संत्र्याला ताण दिलेला.
महिनाभर पाण्याचा थेंब नाही,
पानं वळलेली, पिवळी,
वारा नसतानाही गळत होती.
लहानपणी मला वाटायचं, बाबा बाग मारतायत.
या वर्षी खाटेवरून पुन्हा तसंच वाटलं,
बोललेही.
"मरत नाई वो," बाबा म्हणाले,
"झाड दम खाते."
आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
त्यानंतर सुईचा विषय निघाला नाही.

संक्रांतीनंतर बागेत पाणी सोडलं.
आज विहिरीपर्यंत गेले.
परतताना दोनदा बसले,
दुसऱ्यांदा ओल्या आळ्याच्या कडेला,
सलवार भिजली तरी उठले नाही.
कळ्या अजून नाहीत.
आल्या तरी सगळ्या धरत नाहीत, हेही माहीत आहे.
गाठी चाचपल्या: एक उरलीय,
तुरीच्या दाण्याएवढी.

रात्री पुन्हा मोजलं.
अकरा.