शेऱ्याचा रकाना

वहीत रकाने चार: तारीख, वेळ, पट्टीवरचा आकडा, शेरा.
शेऱ्याचा सर्वांत अरुंद.
आखताना तुम्हाला वाटलं असेल, ओतिलिया बाई,
की पाण्याबद्दल बोटभर रुंदीइतकंच
बोलायचं असतं.

दर सोमवारी जाते. पठारावर वारा असा
की आकडा मोठ्यानं वाचला
तर मला ऐकू यायच्या आत तो सापालाला पोचतो.
लाटांनी पाणी वरखाली.
तुम्ही सांगितलंत, दहा लाटा मोजा, मधली धरा.
मी वीस मोजते.
मधली म्हणजे कुठली, हे अजून नीट कळलेलं नाही.

मोठ्या तळ्यात कधीकाळी कुणी मासे सोडले,
तिथला बेडूक आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पोहतो.
म्हणून ही छोटी तळी मोजायची,
ज्यांना नकाशात नाव नाही
आणि आमच्यात तीन-तीन.

ऐंशी. चौसष्ट. एकेचाळीस.
बर्फ वितळल्यावर एकदा त्रेपन्न,
त्या दिवशी मी घरी जाऊन उगाच पाव भाजले.
मग सव्वीस. नऊ.
जानेवारीच्या बारा तारखेला पट्टी उभी होती
चिखलाच्या पापुद्र्यात, एकटी,
आणि पाणी पस्तीस पावलं पलीकडे
पाठ करून.

लिसांद्रो म्हणाला, आत्ये, शून्य लिही आणि चल,
मेंढ्या खोळंबल्यात.
पण शून्यावर पट्टी संपली होती,
तळं नव्हतं.

तुम्ही तो बेडूक भिंगातून पाहिलात, मी ओंजळीतून.
भरल्या पाण्यात त्याच्या अंगावर कातडीच्या सैल झालरी,
थोरल्या भावाचा स्वेटर चढवल्यासारख्या,
त्या झालरींनीच तो पाण्यातला श्वास गोळा करतो.
पाणी हटलं की स्वेटर आटत जातो,
बोटांमधला पडदा आखडतो,
आणि तोच बेडूक काठावरचा होऊन
काळ्या दगडाखाली सरकतो.
कुणाला काही न विचारता.

माझे वडील गवंडी. त्यांची पाणसळ
अजून दाराआड टांगलेली आहे:
वीस हात पारदर्शक नळी, बाकी काही नाही.
ते म्हणायचे, पाणी खोटं बोलत नाही,
फक्त मध्ये बुडबुडा राहू देऊ नकोस.

तळ्याचंच पाणी तोंडानं ओढून नळीत भरलं.
खारट, गढूळ, दातांत वाळू.
एक टोक लिसांद्रोनं धरलं, तुम्ही दगडात ठोकलेल्या खिळ्याशी,
दुसरं मी, आतल्या चिखलात गुडघाभर.
नळी पुरेना, म्हणून तीन टप्पे.
प्रत्येक टप्प्याला वाट पाहायची
दोन्ही टोकांचं पाणी डुलायचं थांबेपर्यंत.
तो मेंढ्यांबद्दल एकदाही बोलला नाही.
वाऱ्यात हात थरथरत होते त्याचे,
नळीतली रेघ नव्हती थरथरत.

नवी पट्टी रोवली. आकडा: उणे सतरा.
'उणे' लिहिताना पेन अडलं.
कुणाचं उणं काढू नये, असं घरात शिकलेय.
पण हे काढायलाच हवं होतं.

मग दगड उचलले, सात.
उचलला तसाच परत ठेवला प्रत्येक,
कुणाच्या तरी घराचं छप्पर ठेवावं तसा.
बेडूक चार. दोन काठावरचे.
एक अजून झालरीतला, दमलेला, त्याला पाण्यात सोडला.
आणि एक अर्धा:
एका कुशीला झालर, दुसरी घट्ट.
त्याला कुठं ठेवावं सुचेना.
दगडाच्या ओल्या बाजूला ठेवला.
चूक असेल तर कळवा.

पुढच्या वहीत हा रकाना रुंद आखावा, ही विनंती.
तारखेचा थोडा कमी केला तरी चालेल.

निघताना नळीतलं पाणी तळ्यातच ओतलं.
आकड्यात फरक पडला नसावा.