गोंदाचा डाग

सहावा आठवडा.
बोर्ड भिंतीला टेकलेला, मी स्टुलावर,
मधल्या हवेत टर्पेंटाइन.
वरच्या डाव्या कोपऱ्यातलं डांबर अजून ओलं आहे,
बोट लावलं की चिकटतं,
आणि मी रोज लावून बघते.

आमच्या शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
नदी मात्र केव्हाच नळात घालून
रस्त्याखाली पुरली.
म्हणून इमारतींच्या पायथ्याशी मी पाणी काढलं नाही,
नुसती ओल आणली:
काळ्या चहात भिजवलेला टिश्यू, वरून मेणबत्तीचं मेण.
तेवढं जमलंय.
तिथे आता हात लावायचा नाही, हाल्श्का.

बाकीचं जमलेलं नाही.
सूतगिरणीच्या भिंती म्हणून डकवलेला पन्हळी पुठ्ठा
एकाच उंचीचा,
शाळेत हजेरीला उभा राहिल्यासारखा.
खिडक्या अठ्ठावीस, ओळंबा लावून.
असल्या घरात कोण राहील?
कुणी भांडणार नाही, कुणाचं दूध उतू जाणार नाही.

ऐंशी नंबरचा सँडपेपर घेतला.
आधी सहा खिडक्या गेल्या. मग नऊ.
मग मोजणं सोडलं.
पुठ्ठ्याची वरची साल निघाली,
आतल्या पन्हळी उघड्या पडल्या, फासळ्यांसारख्या,
आणि एका जागी खालून वर आला
मार्चमध्ये लावलेला गेरू,
जो मी पार विसरले होते.
राहू दिला.

उरला तो निळा.

आईच्या शिवणाच्या कागदाचा तुकडा.
बाही, माप बेचाळीस, तुटक रेघ,
रेघेवर छापलेलं: येथे दुमडा.
गिरणीला कुलूप लागलं त्या हिवाळ्यात
ती घरी बसून लोकांचे कोट शिवायची,
टाचण्या ओठांत धरून,
त्यामुळे आम्हाला रागावायची ती नाकातून.
तो कागद मी निळीत बुडवला आणि
चित्राच्या मधोमध उभा केला, मनोऱ्यासारखा.
बघणाऱ्याचं लक्ष आधी त्याच्यावर जातं
आणि तिथेच संपतं.
हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं.
तीन आठवडे मी त्याच्या आजूबाजूचं दुरुस्त करत राहिले.

वरच्या मजल्यावरची बोगुमिवाबाई
बटाट्यांची पिशवी उंबऱ्यावर टेकवून थांबली.
एकतीस वर्षं चात्यांपुढे उभी होती,
एकच कान शिल्लक.
बराच वेळ बघून म्हणाली,
'हा निळा कोण? इथला वाटत नाही.'
'आईचा आहे,' मी ओरडून सांगितलं.
'मग आईला दे,' म्हणाली,
आणि पिशवी उचलून जिना चढू लागली,
प्रत्येक पायरीला एक शिवी देत.

रात्री स्पंज ओला केला.
कागद अखंड निघाला नाही.
'दुमडा' सुटून आला,
'येथे' बोर्डालाच धरून राहिलं.
नखाने खरवडायला गेले, मग
थांबले.

खाली गोंदाचा डाग. फिकट, चकाकता, उभा चौकोन,
एक कड फाटकी.
आमच्या गल्लीच्या टोकाचं घर पाडलं
तेव्हा शेजारच्या भिंतीवर असंच उरलं होतं:
जिन्याची नागमोडी रेघ, फरशांची एक ओळ,
कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा गुलाबी.
दोन पावसाळी वर्षं तो गुलाबी टिकला.
ट्राममधून जाताना मी मान वळवून बघायची.

कोळशाची पूड चिमटीत घेऊन फुंकली.
जिथे गोंद तिथेच ती बसली,
इतर ठिकाणी घरंगळून माझ्या मांडीवर.
इमारत उभी राहिली.
जराशी कललेली, ओलीच्या बाजूला.
सरळ करता आली असती.

निळी बाही रेडिएटरवर वाळत घातली आहे.
आकसली,
आता कुणाच्याच हाताला व्हायची नाही.
सही नाही केली.
उद्या वर जाऊन बोगुमिवाबाईच्या चांगल्या कानात
विचारायचं आहे,
सकाळच्या पाळीला धूर कुठल्या अंगाला जायचा.
चिमणी अजून लावलेली नाही.